स्लॅबवरील सत्तांतर

बुलडाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा हे दोन भाग सोयरीक जुळवताना पूर्वीपासूनच विचारात घेतले जातात. छपरावरील सौरऊर्जेने मात्र या विभागणीला शास्त्रीय आधार मिळवून दिला आहे. सौर पॅनेल प्रकाशावर चालते, उष्णतेवर नव्हे. त्याची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढील प्रत्येक अंशामागे वीजनिर्मिती साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. त्यामुळे मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडे पॅनेल 65 अंशांवर तापले, की सुमारे सातवा हिस्सा वीज हातची जाते, आणि उन्हाच्या बाबतीत घाटाखालच्या मंडळींनी आजवर मिरवलेला वडीलकीचा मान घाटावरच्या बुलडाणा शहरापुढे थोडा उतरतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते, आणि एक किलोवॅटमधून महिन्याला सरासरी 120 युनिट वीज तयार होते, एवढे हिशेब गृहस्थ तोंडपाठ करतो. परंतु या संचाला लागणारी सुमारे तीनशे चौरस फूट जागा पापड, कुरडया आणि सांडग्यांच्या ताब्यात आहे, हे त्याला नंतर कळते. पॅनेल एकमेकांना साखळीने जोडलेली असल्याने एकावर सावली पडली तरी साऱ्या साखळीचे उत्पादन घसरू शकते. परिणामी, धुणे कोठे वाळते याची आयुष्यात कधी चौकशी न केलेला पुरुष दोरीवरच्या लुगड्याची सावली मोजू लागतो. या योजनेचा हा सामाजिक लाभ कोणत्याही शासकीय पत्रकात नोंदलेला नाही.

खरी फजिती भरदुपारी लाईन गेल्यावर होते. खांबावर चढलेल्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा धक्का बसू नये म्हणून महावितरणच्या जाळ्याशी जोडलेला साधा इन्व्हर्टर वीजपुरवठा खंडित होताच स्वतःही बंद पडतो, आणि डोक्यावर तीन किलोवॅट असलेले कुटुंब पुठ्ठ्याने वारा घेत बसते. शेजाऱ्यांच्या चौकशीला कंटाळून मग बॅटरी आणि तिला चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर घेतला जातो, व तो खर्चही ‘बचत’ या सदरात लिहिला जातो. वास्तविक नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे दिली-घेतलेली वीज एकाच मीटरवर वळती करण्याच्या पद्धतीत, दिवसाचे जादा युनिट महावितरणकडे जमा राहून रात्री परत वापरता येतात. उलट बॅटरी साठवलेल्या विजेचा काही भाग स्वतःच गिळते आणि काही वर्षांनी बदलावीही लागते. बॅटरीने पैसा वाचत नाही, पंखा फिरतो. आणि घाटाखाली तेवढेही पुष्कळ आहे.

बिल तरीही शून्यावर येत नाही, कारण स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी द्यावी लागणारी रक्कम, कायम राहतो. त्यातच शिल्लक युनिटांचा हिशेब 31 मार्चला मिटवला जातो आणि मोबदला किरकोळ असतो, हे समजल्यावर घरातही सरकारी कचेरीप्रमाणे मार्चअखेर साजरी होऊ लागते: गिझर तापतो, न चुरगळलेल्या कपड्यांना इस्त्री होते, आणि कूलरवर संसार काढलेल्या घरात, केवळ युनिट फुकट जाऊ नयेत म्हणून, हप्त्यावर एसी येतो.