वाऱ्याने आबा पडला

मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, असा हा धंदा. घरी तोच फुकट केला की भांडण होतं. चष्मा शाळेपासूनचा, नंबर उणे सात. पन्नाशी उलटल्यावर डाव्या डोळ्यापुढे काळी टिंबं तरंगायला लागली, तेव्हा ती मला कागदावरचीच वाटली.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार हद्दपार केले. ते गेले कुठे, हे मला आता समजलं. निम्मे तरी माझ्या डाव्या डोळ्यात मुक्कामाला आहेत.

मी इमानाने त्यांच्यावर लाल फुल्या मारत गेलो. डीटीपी करणारा मुलगा सुरुवातीला फोन करायचा, "सर, तुम्ही फुली मारलीय तिथे काढण्यासारखं काही नाहीच." मग त्याने विचारणं सोडलं. फुलीखाली काही असलं तर काढायचं, नसलं तर पुढे जायचं, असा त्याने आपला नियम करून टाकला.

दिवाळी अंकाचं काम चालू होतं. एका कोकणातल्या कथेत 'वाऱ्याने आंबा पडला' असं साधं वाक्य होतं. शिरोरेघेवरून एक टिंब डावीकडून उजवीकडे सरकत होतं. मी पेन नेलं की ते पुढे; नजर स्थिर केली की हळूच खाली उतरायचं. शेवटी चिडून फुली मारली. टिंब निसटलं आणि फुली बसली ती आंब्याच्या खऱ्याखुऱ्या अनुस्वारावर. अंकात छापून आलं, 'वाऱ्याने आबा पडला.'

लेखकाचा फोन आला. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "आमच्या वडिलांना घरी आबाच म्हणायचे. आणि झाडावरून पडून त्यांनी खरंच कंबर मोडून घेतली होती. तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं, की डोळ्याचं ऑपरेशन करून घेणार.

आमच्या मेव्हण्याला हे फार आवडलं. शरीरातलं जे जे काढता येतं ते काढून टाकावं, अशा मताचा तो माणूस आहे. "दाजी, लेसर मारून घ्या. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी पत्ते खेळायला हजर!" सौ. म्हणाली, "आधी डॉक्टरांना तरी विचारा, की त्यांचंही प्रूफ तुम्हीच तपासणार?"

डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहुली मोठी करायचे थेंब घालून बसवून ठेवलं. आत डॉक्टरीणबाईंनी मला आडवं केलं, कपाळावर दिवा बांधला आणि एका बोथट सळईने पापणीवरून डोळा दाबत बारकाईने पाहू लागल्या. "काका, वर बघा. आता खाली. नाकाकडे." इतक्या काळजीने मी कुणाचं हस्तलिखितही कधी वाचलेलं नाही.

"पडदा शाबूत आहे," त्या म्हणाल्या. मग समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागच्या भागात साधारण चार मिलिलिटर जेल असतं. त्यातलं अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के पाणीच, बाकी कोलॅजेनचे बारीक तंतू आणि किरकोळ काहीबाही. वय वाढलं की जेल पातळ होतं, तंतूंच्या गुठळ्या होतात, आणि कधीतरी ते पडद्यापासून सुटतं. जवळचं दिसणाऱ्यांमध्ये, म्हणजे आमच्यासारख्या उणे नंबरवाल्यांमध्ये, हे लवकर होतं. "तुम्हाला दिसतं ते टिंब नाही, त्याची पडद्यावर पडणारी सावली." म्हणजे मी सावल्यांवर फुल्या मारत होतो!

"लेसर?" मी मेव्हण्याच्या वतीने विचारलं.

"ठरावीक गुठळीलाच करता येतं. पडद्याच्या किंवा भिंगाच्या फार जवळ असेल तर नाही. आणि केलं तरी गुण येईलच असं नाही. पक्का इलाज विट्रेक्टॉमी." १९७० च्या सुमारास मायामीत रॉबर्ट मॅखेमर यांनी सुरू केलेली ही शस्त्रक्रिया. आता अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या तीन भोकांतून होते. मिनिटाला हजारो वेळा कापणारी सुई जेल कापून ओढून घेते आणि जागी मिठाचं पाणी भरतात. पुढे डोळा आपलंच पाणी तिथे तयार करतो.

मी म्हटलं, करून टाका. मग समुपदेशक बाईंनी एक कागद पुढे ठेवला. थेंबांमुळे मला त्यावर फक्त पांढरा उजेड दिसत होता. सौ.ने मोठ्याने वाचायला घेतलं. "संभाव्य गुंतागुंत. मोतीबिंदू होणे किंवा वाढणे. पडद्याला छिद्र पडणे. पडदा सुटणे. जंतुसंसर्ग. क्वचित दृष्टी जाणे."

"गुंतागुंतीवर अनुस्वार दोन्ही आहेत ना, बघ," मी म्हणालो.

तिने कागद खाली ठेवला. "अहो, एक विचारू? ताटात सुरमई असते तेव्हा ते टिंब दिसतं?"

दिसत नाही. क्रिकेट बघतानाही नाही. दिसतं ते प्रूफ वाचताना, त्यातही लेखक कंटाळवाणा असला की जास्त. डॉक्टरीणबाई हसल्या. पन्नाशीनंतर हे ऑपरेशन केलं तर बहुतेकांना दोन-तीन वर्षांत मोतीबिंदूचंही करावं लागतं, म्हणाल्या. ज्यांना गाडी चालवणं, वाचणं अशक्य होतं त्यांच्यासाठी तो सौदा ठीक आहे. बाकीच्यांचा मेंदू काही महिन्यांत दुर्लक्ष करायला शिकतो.

नवऱ्याकडे दुर्लक्ष करायला सौ.चा मेंदू लग्नानंतर वर्षभरात शिकला होता. मला जरा जास्त वेळ लागला. ऑपरेशन केलं नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची पांढरी पार्श्वभूमी फिकट पिवळी केली, उन्हात काळा चष्मा घालतो, आणि फुली मारण्याआधी डोळा फिरवून बघतो. टिंब हललं तर ते माझं, नाही हललं तर लेखकाचं. मेव्हणा अजून नाराज आहे.

एक मात्र थट्टेवारी नेऊ नका. अचानक टिंबांचा पाऊस पडला, डोळ्यात विजा चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसायला लागलं, तर कुठल्याही मेव्हण्याचं न ऐकता त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. पडदा फाटलेला वेळेत सापडला तर लेसरने सांधता येतो. सुटला की मोठं ऑपरेशन. आणि जाताना स्वतः गाडी नेऊ नका. थेंब घातल्यावर चार-पाच तास धड काही दिसत नाही.