समक्ष पंच

गेल्या पाच वर्षांत मी एकूण एक्केचाळीस पंचनाम्यांवर सह्या केल्या. त्यांत खून नाही, चोरी नाही, गारपीट नाही की गायरानावरील अतिक्रमण नाही. सर्वच्या सर्व पंचनामे एकाच विलीज पिकअपच्या निरनिराळ्या अवयवांचे आहेत, आणि बेचाळिसाव्यासाठी आज पहाटे सव्वासहाला जेव्हा माझ्या फाटकाची कडी वाजली, तेव्हा कोण आले आहे हे विचारण्याचे मला काहीच कारण उरले नाही.

असा एक गृहस्थ आपल्याही आळीत असेलच. त्याच्या दारात ताडपत्रीखाली काहीतरी चारचाकी असते, त्याच्या नखांतले ग्रीस लग्नाच्या पंगतीतसुद्धा निघालेले नसते, आणि ‘येत्या दसऱ्याला गाडी रस्त्यावर’ असे सांगताना तो कोणत्या सालचा दसरा हे कधीही स्पष्ट करीत नाही. आमच्या गृहस्थांना भिंगारात भाऊसाहेब म्हणतात. नगर जिल्ह्यात तलाठ्यापासून वर कचेरीतल्या प्रत्येकालाच भाऊसाहेब म्हणण्याचा रिवाज असल्याने एवढ्यावरून कोणी त्यांस ओळखील अशी धास्ती मला नाही. चौतीस वर्षे महसूल खात्यात काढून ते सर्कल म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात तसे हे श्रीरामपूर तालुक्यातील एका मळ्यात गेले. तेथे विहिरीजवळच्या बाभळीखाली, चाके निम्मी मातीत रुतलेली, हौद्यात कडबा भरलेला आणि आसनाच्या स्प्रिंगांत कोंबड्या अंडी घालीत असलेल्या, अशा अवस्थेत ही पिकअप उभी होती. मळेकऱ्याने ती भंगाराच्या भावाने दिली.

दुसरा कोणी पावती घेऊन गप्प बसला असता. भाऊसाहेबांनी घरी येताच फुलस्केप कागदावर गाडीचा सातबारा आखला : भोगवटादाराच्या रकान्यात स्वतःचे नाव, क्षेत्राच्या रकान्यात लांबी-रुंदी आणि ‘इतर हक्क’ या सदराखाली ‘कोंबड्यांची वहिवाट, नग चार’. पुढे जो जो भाग बदलला त्याची रीतसर फेरफार नोंद होऊ लागली, आणि नोंद मंजूर होण्यापूर्वी हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस स्वयंपाकघराच्या दाराला चिकटू लागली. वहिनींची हरकत दर खेपेस असे. ती दर खेपेस निराधार म्हणून फेटाळली जाई.

गाडी मात्र खानदानी खरी. अमेरिकेतील टोलेडो गावच्या विलीज-ओव्हरलँड कारखान्याने युद्धात जीप घडवली आणि युद्ध संपल्यावर, आता जीप घेणार कोण या चिंतेतून, १९४७ साली तिच्याच घराण्यात ही पिकअप जन्माला घातली. तिचा चेहरा ब्रुक्स स्टीव्हन्स नावाच्या आरेखकाने रेखला. आपल्याकडे विलीजचे नाते जोडले ते महिंद्रांनी. त्यांच्या पेढीचे नाव १९४५ साली ‘महिंद्र आणि महंमद’ होते, पुढे फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री होऊन गेले आणि पेढीने दोन्ही ‘म’ तसेच राखून १९४८ मध्ये ‘महिंद्र आणि महिंद्र’ असे नाव धारण केले. (भाऊसाहेबांच्या मते हिंदुस्थानातील ही सर्वांत काटकसरी फेरफार नोंद होय.) आमची ही गाडी १९५१ सालची, म्हणजे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्या हंगामात प्रथम उसाला दात लावीत होता त्याच वर्षाची. बावीसशे सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, तीन गिअर, सहा व्होल्टची बॅटरी, आणि दोष किती ते मोजण्यासाठी मी पंच.

पहिलाच पंचनामा मला तोंडपाठ आहे. रंगकाम पुरे होऊन गाडी नवरदेवासारखी हिरवीगार उभी होती, आणि तिचा एकही दिवा लागत नव्हता. भाऊसाहेबांनी पाट मांडला, मला बसवले आणि मजकूर सांगितला : ‘आम्ही खाली सह्या करणार पंच आज रोजी समक्ष हजर राहून पाहिले असता, सदर वाहनाचा डावा दिवा लागत नाही. दिव्याची चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस रेडिएटर, उत्तरेस डावा मडगार्ड, दक्षिणेस उजवा दिवा, तोही लागत नाही.’ दुसरे पंच म्हणजे लष्करी वर्कशॉपातून निवृत्त झालेले मिस्त्री. त्यांनी सही केली, पेन परत दिले, कानस घेतली, चॅसीवरील एका बोल्टाखालचा तो नवाकोरा रंग रुपयाएवढा खरवडला आणि अर्थिंगची तार तेथे आवळली. दिवा लागला. विजेला परतीची वाट लागते आणि ती वाट गाडीच्या लोखंडातून जाते. हौसेने सर्वत्र रंग फासला की तीच बंद होते. “भाऊसाहेब, कागदाला अर्थिंग लागत नाही, गाडीला लागतं,” एवढेच मिस्त्री बोलले. भाऊसाहेबांनी पंचनाम्याच्या समासात लाल शाईने ‘निकाली’ असा शेरा मारला, आणि तो मारताना त्यांच्या मुखावर जी तृप्ती पसरली ती मी श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीनंतरही कोणाच्या मुखावर पाहिलेली नाही.

पंच होणे सोपे नसते हे मला नवव्या पंचनाम्याच्या वेळी कळले. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली की दांडा आपोआप उडून न्यूट्रलला येई, आणि तत्पूर्वी कसलीशी घरघर होई. मी शिक्षकी पेशाच्या सवयीने लिहिले, ‘घरघर येत असावी.’ भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “असावी? सर, पंचाला ‘असावी’ माहीत नसते. घरघर आली की नाही आली? कानांनी ऐकलंत तेवढंच लिहा. न ऐकलेलं लिहिणारा पंच खोटा.” आयुष्यभर इतरांचे निबंध तपासलेल्या मजसारख्याला या वयात स्वतःचे विध्यर्थ खोडावे लागले. तेव्हापासून आमच्या पंचनाम्यांत अंदाजाला थारा नाही.

चौदावा पंचनामा डाव्या चाकांचा. शेजारच्या तालमीतला एक जवान पोर नट खोलायला बोलावला होता. त्याने असा काही जोर लावला की नट सुटण्याऐवजी स्टडच मोडून पान्यासकट त्याच्या हातात आला. विलीजच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक फिरता फिरता नट सैल होऊ नये म्हणून कारखान्याने ती योजना केली होती आणि जागोजाग इंग्रजी ‘एल’ हे अक्षर ठोकून तशी समजही दिली होती, परंतु ते अक्षर हिरव्या रंगाखाली गेलेले. पंचनाम्यात पोराच्या बळाची नोंद ‘अतिरिक्त’ अशी झाली. सतरावा पंचनामा पेट्रोल पंपाच्या पडद्याचा : हल्लीच्या पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलने ते जुने रबर फुगून लिबलिबीत झाले होते. इथेनॉल उसापासून होते आणि ऊस नगर जिल्ह्यात किती होतो हे महसूल खात्याला सांगावे लागत नाही. म्हणून कारणाच्या रकान्यात भाऊसाहेबांनी एकच शब्द लिहिला : ‘ऊस.’

मधले वर्षभर यंत्राला विश्रांती होती, कारण तेव्हा कायद्याचे काम निघाले. पन्नास वर्षांपलीकडच्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची पाटी देण्याचा नियम केंद्राने २०२१ साली केला. पण तो दुचाकींचा आणि प्रवासी मोटारींचा, आणि पिकअप पडली मालवाहू. दुसरा कोणी खचला असता. भाऊसाहेबांचे तेज दुणावले. सदर हौद्यातून आजवर केवळ कडबा आणि कोंबड्या गेल्या असून कोंबड्या या प्रवासी आहेत किंवा कसे, असा सात पानी अर्ज त्यांनी तयार केला. तो त्यांनी कोठेही दाखल केला नाही. मला मात्र दोनदा वाचून दाखवला.

पहिली खरी सफर निघाली ती चैत्रात, पाथर्डी रस्त्याने, चांदबीबी महालाकडे. (महाल चांदबीबीचा नव्हे, मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर, पण डोंगरावरच्या त्या अष्टकोनी इमारतीला चांदबीबीचे नाव चिकटले ते चिकटलेच, आणि अशी चुकीची नोंद चारशे वर्षे कोणी दुरुस्त केली नाही याचा भाऊसाहेबांस मनस्ताप होतो.) चढणीवर निम्म्यात गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. मिस्त्रींनी बॉनेट उघडून नळीला बोट लावले व चटका बसताच मागे घेतले. इंजिनाच्या धगीने पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ झाली होती, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. वहिनींनी भाकरी बांधून दिलेले फडके मिस्त्रींनी पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळले, भाकरी बॉनेटवर मांडल्या, आणि पंप थंड होईपर्यंत आम्ही गाडीच्या सावलीत बसून त्या खाल्ल्या. शेंगदाण्याची चटणी होती. पंचनाम्याचा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर कांदा ठेवला होता.

तेथे, मी न विचारता, भाऊसाहेब बोलले. “सर, चौतीस वर्षांत मी किती पंचनामे केले असतील? दुष्काळ, गारा, जळालेली गंज, वीज पडून मेलेला बैल. आणेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर. माणूस बांधावर उभा राहून माझ्या पेनाकडे बघायचा. मी लिहायचो, सह्या घ्यायचो, कागद वर पाठवायचो. पुढं त्याचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. बदली व्हायची.” मग पंपावरचे फडके चाचपून ते म्हणाले, “हिचं कळतं.”

मी चटणी मागून घेतली. दुसरे काय बोलणार होतो?

त्या पंचनाम्यावरून नळी एक्झॉस्टपासून दूर फिरवली गेली, मध्ये पत्र्याची आड बसली, आणि गेल्या महिन्यात ऐन उन्हात ती पिकअप एका दमात वरपर्यंत गेली. दुसरा गिअर उडाला नाही, ब्रेक एका दाबात लागले, सहा व्होल्टचे दिवे येताना तिन्हीसांजेला निरांजनासारखे का होईना, पण लागले. एक्केचाळीस प्रकरणे दाखल, एक्केचाळीस निकाली. आमच्या गावात पॅटन, मटिल्डा, चर्चिल असले जुने रणगाडे संग्रहालयात ओळीने उभे आहेत आणि त्यांच्याकडून कोणी चालण्याची अपेक्षा करीत नाही. ही मात्र चालत होती. मी समजलो, सुटलो.

तीन आठवडे फाटक वाजले नाही. पहिल्या आठवड्यात मी वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. दुसऱ्यात वहिनी आल्या आणि चहा घेता घेता म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांनी काल गाडी तीनदा पुसली आणि एकदाही चालू नाही केली. जेवणात लक्ष नाही.” ज्या बाईने पाच वर्षे प्रत्येक फेरफाराला हरकत घेतली, तिचे हे निवेदन मी मनात नोंदवून ठेवले. तिसऱ्या आठवड्यात, कबूल करायला हरकत नाही, मीच दोनदा त्यांच्या दारावरून उगाच चक्कर मारली.

आणि आज पहाटे कडी वाजली.

गाडी चालू होती. तिच्या उघड्या बॉनेटशी भाऊसाहेब कान लावून उभे होते, पाटावर फुलस्केप कागद तयार होता, आणि मिस्त्री अंगात स्वेटर, हातात कानस, असे केव्हाचेच येऊन ठेपले होते. “एक आवाज येतोय,” भाऊसाहेब हलक्या स्वरात म्हणाले. “टकटक नाही, घरघर नाही. बारीक. टॅपेटच्या खालून. ऐका.”

मी ऐकले. इंजिन असे लागले होते की मडगार्डावर ठेवलेल्या पितळी पेल्यातला चहासुद्धा हलत नव्हता. मी दुसऱ्या बाजूने कान लावला. चारही सिलिंडर, एक, तीन, चार, दोन, अशा आपल्या क्रमाने विनातक्रार चालले होते. भाऊसाहेब माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी मिस्त्रींकडे पाहिले. लष्करात आयुष्य इंजिने ऐकण्यात घालवलेला तो मनुष्य माझी नजर टाळून पाटाशी गेला, बसला आणि त्याने आपली वळणदार सही केली.

मी पेन घेतले. ‘समक्ष ऐकले असता, बारीक आवाज येत’ येथवर लिहून क्षणभर थांबलो, आणि मग पुढे स्पष्ट अक्षरांत ‘आहे’ असे लिहिले.