टिकाऊराव

टिकाऊराव वर्षाला चार सिगार ओढतात. दिवाळी पाडव्याला एक, चार जुलैला एक, आणि उरलेले दोन भारतीय संघ क्रिकेटमध्ये काय दिवे लावतो त्यावर. म्हणजे वर्षाकाठी चार काप. एवढ्यासाठी सिगारच्या खोक्याबरोबर फुकट मिळणारा प्लॅस्टिकचा कटर माणसाला जन्मभर पुरावा. पण अमेरिकेतल्या एडिसनमधला हा आमचा मित्र दोन हिवाळे सिगार कटर शोधत होता.

त्यांना कंजूष समजू नका, इथल्या मराठी मंडळात पुष्कळांचा तो गैरसमज आहे. कंजूष माणूस स्वस्तातलं घेतो. टिकाऊराव महागातलं घेतात, पण एकदाच. बर्फ ओढायचं फावडं असो, सूटकेस असो की पोळपाट, "घ्यायचं तर एकदाच घ्यायचं" हे त्यांचं ब्रीद. वहिनी म्हणतात, "लग्नाच्या वेळीही हेच म्हणत होते. पाच वर्षं मुली बघितल्या!"

मूळ दुखणं असं, की अमेरिकेत येण्याआधी टिकाऊराव भोसरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. प्रेस टूल, पंच, डाय यांत आयुष्याची उमेदीची वर्षं गेली. असा माणूस सिगारच्या दुकानात शिरला तर तो सिगारकडे बघतच नाही. क्युबाचा माल अमेरिकेत १९६२ पासून बंद, त्यामुळे कपाटात डॉमिनिकन आणि निकाराग्वाचे सिगार ओळीनं मांडलेले. दुकानदार बिचारा तंबाखूच्या पानांचं कौतुक सांगत असतो. टिकाऊराव कटर कानाजवळ धरून उघडमिट करत असतात. खडखड आली की नापास. मग पाती मिटून दिव्यासमोर धरायची, फटीतून उजेड येतो का ते बघायचं. एकदा तर त्यांनी खिशातून फीलर गेज काढला. दुकानदाराला वाटलं, सरकारी तपासणी आली.

तुम्ही चुकून विचारलंत, "अहो, एवढं काय असतं त्यात?" तर संध्याकाळ गेली म्हणून समजा. सिगारचं तोंडाकडचं टोक म्हणजे पानाची एक छोटीशी टोपी, झाडाच्या डिंकानं चिकटवलेली. तिचा जेमतेम दोन मिलिमीटर भाग उडवायचा. लोभ सुटला आणि खांद्याच्या खाली कापलंत, की वरचं पान भर मांडवात धोतर सुटावं तसं उलगडत जातं. एकपाती कटर सिगारला एका बाजूनं ढकलतो, दाबतो, पान फाटतं. दुपाती दोन्हीकडून येऊन मध्ये गाठतो, म्हणून काप स्वच्छ. व्ही आकाराची खाच पाडणारा दिसायला झकास, "पण त्या खाचेच्या पात्याला धार कोण लावून देणार? तुमचा आजा?" गोल भोक पाडणारा पंच त्यांना भावनिक कारणानं आवडतो, पण निमुळत्या टोकाच्या सिगारला तो चालत नाही, आणि आत तंबाखूचा भुगा अडकून बसतो.

पुढचा प्रश्न भोकाचा. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. पन्नास नंबरचा सिगार म्हणजे जवळजवळ वीस मिलिमीटर. टिकाऊराव कायम पन्नासच ओढतात. तरी कटर साठ नंबर गिळणारा हवा. का? "उद्या जाड ओढावासा वाटला तर?" एकोणीस वर्षांत वाटलेला नाही, पण टिकाऊ माणूस सगळी खरेदी उद्याच्या स्वतःसाठी करतो, आणि उद्याचा तो नेहमीच आजच्यापेक्षा जाड, श्रीमंत आणि निवांत असतो.

दुकानदारानं अखेर ब्रह्मास्त्र काढलं. ह्या कटरला लाइफटाइम वॉरंटी आहे, म्हणाला, मोडला तर कंपनी केव्हाही बदलून देते. कुणीही विरघळला असता. टिकाऊरावांनी कटर झटकन खाली ठेवला.

"बदलून द्यायची तयारी आहे म्हणजे मोडतो हे त्यांना माहीत आहे!"

मी एकदा त्यांना सुचवलं, की चर्चिल म्हणे कटर वापरतच नसे, लांब काडीनं टोकाला भोक पाडायचा. "त्यांच्या मागे युद्ध होतं," टिकाऊराव म्हणाले, "शांतपणे खरेदी करायला वेळ कुठे होता?" मग त्रिचीचा चिरूट सुचवला. तो दोन्ही टोकांना उघडाच असतो, कापायची भानगडच नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आरती न करता थेट प्रसाद मागितला होता जणू मी. "मग कटर कशाला घ्यायचा?" हा त्यांचा प्रश्न. सिगार हे नुसतं निमित्त आहे हे मला तेव्हा कळलं.

वहिनींनी त्यांच्या परीनं प्रकरण मिटवायचा प्रयत्न केला. सासूबाईंचा अडकित्ता त्यांनी सत्यनारायणाच्या सामानातून काढून टेबलावर ठेवला. "साठ वर्षं सुपारी कातरतोय. ह्याला कुणी वॉरंटी विचारली नाही." टिकाऊरावांनी अडकित्ता आदरानं उचलला, उघडला, मिटला, आणि नापास केला. एकच पातं, खाली नुसता आधार. "सुपारी कडक असते गं. कडक वस्तू कुणीही फोडेल. मऊ वस्तू न चेपता कापायची, तिथे खरी धार लागते." हे मात्र शंभर टक्के खरं आहे. पिकलेला टोमॅटो बोथट सुरीनं कापून पाहिलेल्या कुणालाही विचारा.

शेवटी कात्रीच्या जातीचा कटर आला. मधल्या सांध्याला रिव्हेट नाही, स्क्रू आहे, हे निर्णायक ठरलं. टिकाऊरावांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत: स्क्रूच्या, ज्या आवळता येतात, आणि रिव्हेटच्या, ज्या फेकाव्या लागतात. पोलाद ४४०सी. तरीही तो सिगारच्या पेटीत ठेवत नाहीत, कारण तिथे सिगार वाळू नयेत म्हणून ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखलेली असते. "स्टेनलेस म्हणजे गंजत नाही असं नव्हे, लवकर गंजत नाही." तो मोज्यांच्या कप्प्यात, मखमली खोक्यात, सिलिका जेलच्या पुडीशेजारी झोपतो.

चार जुलैला त्यांच्या डेकवर आम्ही जमलो. सगळ्यांना तो कटर बघायचा होता. त्यांनी तो आणला, फिरवून दाखवला, पात्यांना बोटं लावू दिली नाहीत, आणि परत नेऊन ठेवला. मग खिशातून प्लॅस्टिकचा फुकटवाला काढला.

"अहो, नवा घेतलाय ना?"

"वापरायला हा आहे की."

तेवढ्यात नागपूरहून नुकताच आलेला एक पोरगा, त्याला ह्या कशाचाच पत्ता नव्हता, त्यानं सिगारचं टोक कचकन दातांनी तोडलं आणि कठड्यावरून हिरवळीवर थुंकलं. आम्ही श्वास रोखून टिकाऊरावांकडे पाहिलं. ते उठले. त्याच्या हातातून सिगार घेतला, उजेडात धरला. काप स्वच्छ होता. बराच वेळ ते टोकाकडे आणि मग त्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"दात ओरिजिनल आहेत?" त्यांनी विचारलं. "एकही रूट कॅनाल नाही?"