मॉन्टेरेचे मत्स्यालय: मालवणच्या घरासाठी सविस्तर माहिती

मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियम हे मत्स्यालय कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, कॅनरी रो या रस्त्याच्या टोकाला आहे. डलासचे कुटुंब सुट्टीत सॅन होजेच्या मैत्रिणीकडे उतरले असता तिच्यासोबत तेथे जाऊन आले. त्याच रात्री मालवणहून आईचा फोन आला: ‘‘गो, ती काच फुटली तर?’’ उत्तर पुढे योग्य जागी येईल.

मत्स्यालय 1984 साली उघडले. त्याआधी या जागी तारल्या डबाबंद करण्याचा कारखाना होता. पर्ससीन जाळ्यांच्या बोटींनी उपसा करकरून 1945 नंतरच्या काही वर्षांत तारली जवळजवळ संपली आणि रस्त्यावरचे कारखाने एकेक करून बंद पडले. या जागेवरचा 1973 मध्ये. तेव्हा पर्ससीनवाल्यांशी नानाकाका धक्क्यावर भांडतात ते उगीच नव्हे, असे त्यांना कळवावे. भांडायला जाताना सदऱ्याची बटणे लावावीत, हे काकूचे म्हणणेही रास्तच आहे.

तिकीट मोठ्या माणसाला साठ डॉलरच्या घरात पडले. परदेशात डॉलरचे रुपये करू नयेत, हा नियम खिडकीशीच मोडला: एका माणसाचे पाच हजार! गाडी लावण्याचे वेगळे. वर्षाचा पास काढला तर स्वस्त पडतो, असे मैत्रिणीने समजावले. डलासहून येण्याजाण्याचे विमानभाडे तिने हिशेबात धरले नव्हते. मरीन ड्राइव्हवरचे, 1951 साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय बाबांनी चारही पोरांना दाखवले होते, तेही भेळेसकट. घरी येऊन खर्चाबद्दल दोन दिवस बोलत होते. त्यांना हा आकडा सांगू नये.

(येथे कढईकडे जावे लागले.)

मुख्य आकर्षण म्हणजे 28 फूट उंचीच्या टाकीतले केल्पचे, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचे, जंगल. त्याला ऊन लागते म्हणून टाकी वरून उघडी आहे आणि पाणी सतत हलते राहावे म्हणून लाटा करणारे यंत्र आहे. पाणी थेट उपसागरातून येते. दिवसा ते गाळून घेतात, कारण पैसे मोजलेल्यांना मासे दिसले पाहिजेत. रात्री तसेच सोडतात, म्हणजे त्यातल्या बारीक जिवांवर टाकीतल्यांचे पोट भरते. काच ही काच नसून सात इंच जाडीचे अ‍ॅक्रिलिक आहे. आईने आता झोपावे.

समुद्री पाणमांजराच्या अंगावर चरबीचा थर नसतो. थंडीपासून त्याला केस वाचवतात, चौरस इंचाला दहा लाखांपर्यंत. ही ओळ बाबांना वाचून दाखवताना वगळावी. वजनाच्या पाव हिस्सा अन्न ते रोज खाते. बंड्याच्या लग्नात जावयांनी काय केले ते ताईआत्याकडून कळले आहे. तुलना करण्याचे कारण नाही.

एका उथळ हौदात पाकटाला हात लावू देतात. दोन बोटे, पसरून, वरच्या बाजूने. पाठ गिळगिळीत, भिजलेल्या मखमलीसारखी लागते. धाकट्याने बोटे हुंगली आणि म्हणाला, ‘‘आजीच्या घरचा वास.’’ पुढची दहा मिनिटे त्याच्या आईला चष्मा पुसावा लागला. मैत्रीण शहाणी; ती पाकटाच्या सुक्याविषयी बोलत राहिली.

एका दालनात डोक्यावरच्या गोल टाकीत चंदेरी माशांचा थवा न थांबता फिरतो. लोक मान वर करून, तोंड उघडे ठेवून बघतात. मालवणची माणसे भाव विचारतात.

आईचा दुसरा प्रश्न, तिथे मासे खाल्ले का? खाल्ले, पावात ओतलेले शिंपल्यांचे पांढरे सार, बेचव. डलासला परतल्यावर मल्याळी दुकानात गोठवलेल्या तारल्यांचे पाकीट मिळाले, वर नाव ‘मत्ती’. घरून आलेल्या पार्सलमधली सोले आणि तिरफळे सुखरूप पोचली आहेत. तिरफळे ठेचून घालायची की अख्खी, याबद्दल या घरात दोन मते असल्याने कढई मंद आचेवर आहे, फोन करावा.