मत्स्यवेध: नवशिक्यांसाठी साहित्यखरेदी

गणपतीला मालवणात आलेल्या चाकरमान्याला दुसऱ्या दिवशी जे जे सुचते, त्यात धनुष्यबाणाने मासे मारण्याचा बेत होमस्टे काढण्यापेक्षा बराच स्वस्त आहे. म्हणून त्याला हसू नये; साहित्य नीट निवडून द्यावे.

आधी धनुष्य. या मुलखात ते हमखास सापडते दशावतारी मंडळींच्या पेटाऱ्यात. दिसायला उत्तम, पण त्यातून बाण सुटत नाही, सुटायचा नसतोच. बाहेरून मागवणार असाल तर साधे रिकर्व्ह घ्या. चाकांचे कम्पाउंड धनुष्य ताणून धरत सावकाश नेम लावायला बरे, पण सावकाशीला मासा थांबायला हवा ना! ताण ४० पौंडांच्या आसपास पुरतो.

बाण फायबरग्लासचा, जड, बिनपिसांचा. टोकाला उलटे काटे, दोरी सरकत्या कडीला बांधलेली. ही दोरी प्रत्यंचेत अडकली तर बाण झटका खाऊन मारणाऱ्याकडेच परततो. एवढे वाक्य गंभीरपणे वाचावे.

आता नेम. पाण्यातली वस्तू असते त्यापेक्षा वर दिसते. सरळ वरून पाहिले तर ४ फूट खोल असलेली ३ फुटांवर भासते. तेव्हा मासा दिसेल त्याच्या खाली मारायचे. इथे अर्जुनाचा दाखला देऊ नये. तो पाण्यात बघून वर मारत होता, शिवाय त्याला मासा नको होता, बायको हवी होती. दाखला द्यायचाच तर अंदमानच्या ओंगी आणि जारवांचा द्यावा. ते उथळ, नितळ पाण्यात खरोखर बाणाने मासे मारतात, आणि त्यांचे धनुष्य कोणत्या कंपनीचे हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते स्वतःच ते घडवतात.

नितळ पाणी हे साहित्य मात्र कुरियरने येत नाही. भाद्रपदात कर्लीच्या खाडीला गढूळ पाणी असते. पोलराइज्ड चष्मा पाण्यावरची चकाकी घालवतो, गाळ नाही. मग मासा दिसणार कसा, ही शंका देवबागेत गळ टाकून गरवत बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारलीत तर ते तंगुसावरचे, म्हणजे नायलॉनच्या दोरीवरचे, बोट न हलवता म्हणतील, “मासो दिसता, तर मगे आमी हयसर गरी घेवन कित्याक बसलव?”

त्यांचे साहित्य असे: तंगूस, गरी, शिशाचा तुकडा, आमिषाला सुंगटां, म्हणजे कोळंबी. गरवणाऱ्याला मासा दिसावा लागत नाही, माशाला आमिष कळले की झाले. तांबोशी आणि गोबरे याच साध्या तत्त्वावर ताटात येतात. भरती-ओहोटीची वेळ तेवढी ठाऊक हवी, आणि ती दुकानात मिळत नाही.

तरीही धनुष्यच हवे असेल तर शेवटचे साहित्य म्हणजे कुठे आणि कशावर बाण मारायचा नाही याची ओळख. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिकडे बाण घेऊन फिरकू नका. वेंगुर्ल्याच्या वायंगणीला आणि देवगडच्या तांबळडेगला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि शिक्षा किमान ३ वर्षांची आहे. गढूळ पाण्यात बाण कासवाला लागलाच, तर पुढचे मार्गदर्शन वकिलाकडून घ्यावे.