सोडलेल्या साखरेचा हिशेब

साखर सोडणे हे मुदतीचे आधुनिक व्रत असून त्याचा काळ एकवीस दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंत असतो. ते सोमवारी सुरू होते. रविवारी सुरू झाल्याचे उदाहरण नाही, कारण त्या दिवशी फ्रिजमध्ये श्रीखंड उरलेले असते आणि ते संपवणे हा पूर्वतयारीचाच भाग समजतात.

सोडण्याचे महाराष्ट्राला अप्रूप नाही. चातुर्मासात एखादा जिन्नस वर्ज्य करण्याचा नियम जुना आहे. काशीला गेलेली मंडळीही आवडती एक वस्तू तिथेच सोडून येत. ती वस्तू पुष्कळदा कारले किंवा दुधी असे, हा भाग वेगळा. मात्र जुना नियम जगाला कळायचा तो पानात कोणी आग्रहाने वाढू लागले तर. नव्या व्रताची वार्ता पहिला फिका चहा निवण्याआधी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोहोचलेली असते आणि ‘अभिनंदन’ म्हणून आत्या पेढ्यांचे चित्र पाठवून मोकळी होते.

व्रतात प्रत्यक्ष सुटते ती चहातली साखर. हा त्याग दिखाऊ नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. चहाचा एक चमचा साखर म्हणजे चार ते पाच ग्रॅम. दोन चमच्यांचा चहा दिवसातून चार वेळा घेणाऱ्याच्या पोटात नुसत्या चहातून ३२ ते ४० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा, रोज २,००० कॅलरी खाणाऱ्याच्या हिशेबाने, ५० ग्रॅमची आहे. शक्य तर २५ ग्रॅमवरच थांबावे, असेही ती सुचवते. म्हणजे चहा फिका करणारा माणूस मोठी मजल मारतो. पुढे तो गुळापाशी येतो.

‘गूळ चालतो’ हा या व्रताचा मूळ सिद्धान्त होय. तो कोणी मांडला हे अज्ञात असले तरी तो सर्वमान्य आहे. रसायनशास्त्र या बाबतीत अरसिक आहे. साखर आणि गूळ दोन्ही उसाच्या रसाचीच लेकरे. गुळात थोडी खनिजे आणि ओलावा राहतो, बाकीचा बहुतांश भाग साखरच असतो. आतड्यात गेल्यावर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ढेप कोल्हापूरची होती की कराडची, याची आतडे चौकशी करीत नाही. मधाचीही तीच गत. आरोग्य संघटनेच्या ५० ग्रॅमांत मध मोजलेला आहे. तरीही सकाळी कोमट पाण्यात दोन चमचे मध घेऊन ‘आज बाविसावा दिवस, साखरेचा कणही नाही’ असे सांगणाऱ्याचा स्वर खोटे बोलणाऱ्याचा नसतो. त्याने साखर हा शब्द खरोखरच सोडलेला असतो.

आमटीतला गुळाचा खडा तर गोडात धरतच नाहीत, तो चवीपुरता. भेळेवरची चिंच-गुळाची चटणी आंबट समजली जाते. टोमॅटो सॉस ही भाजी. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे बिस्किटातल्या साखरेचे स्थान शोधणे कठीण नाही. पण ती अक्षरे वाचायला चष्मा लागतो आणि बिस्किट खाताना चष्मा कोण लावतो? चहात गोळी टाकणाऱ्यांचा पंथ निराळा. वजन काबूत ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, असे त्याच संघटनेने २०२३ साली सांगितले. गोळीवाल्यांनी ते ऐकले आणि त्या आनंदात जिलबी घेतली.

परिस्थितीही व्रताला अनुकूल नाही. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या राज्याचे बरेच राजकारण साखरेच्या पोत्यावर बसून चालते. साखरेसाठी स्वतंत्र आयुक्त आहे, त्याचे पुण्यात कार्यालय आहे. ऊसपट्ट्यात दिवाळीच्या तोंडावर सभासदांची सवलतीची साखर घरी येते आणि हक्काचे पोते परत पाठवायची तिथे रीत नाही. लग्न ठरले की साखरपुडा, पाडव्याला गुढीला गाठी, नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला अंगावर हलव्याचे दागिने. बरे बोलणाऱ्याच्या तोंडातसुद्धा साखरच पडायची असते.

खरी कसोटी परक्या घरी लागते. यजमानीणबाई वाटी पुढे करतात. व्रतस्थ दोन्ही हात ताटावर आडवे धरतो. ‘अहो, घरचं आहे, साजूक तुपातलं.’ घरचे म्हटले की साखरेचे दोष जातात, असा समज आहे. हात तरीही आडवे. मग शेवटचे अस्त्र निघते: ‘प्रसाद आहे, नाही म्हणू नये.’ सत्यनारायणाच्या प्रसादात रवा, तूप आणि साखर तिन्ही सव्वाच्या मापाने पडतात. हात बाजूला होतात.

पहिल्या आठवड्यात डोके दुखते, चिडचिड होते आणि त्याचे खापर साखरेवर फुटते. वास्तविक फिका चहा घशाखाली उतरत नाही म्हणून बहुतेकांनी चहाच बंद केलेला असतो आणि डोके कॅफीनसाठी ठणकत असते. तीन-चार आठवडे नेटाने काढणाऱ्याची जीभ मात्र खरोखर बदलते. पूर्वीचाच चहा तिला पाकासारखा लागतो. व्रताचे हे एकमेव टिकाऊ फळ. ते हाती येते त्याच सुमारास गणपती येतात.

व्रताच्या पहिल्या दिवशी साखरेचा स्टीलचा डबा ओट्यावरून माळ्यावर जातो. मुंग्यांना नवा पत्ता दोन दिवसांत कळतो, घरच्यांना त्याहून लवकर. महिनाअखेरीस वाण्याची यादी निघते. गेल्या महिन्याच्या यादीत साखर तीन किलो होती. या महिन्यात साखर तीन किलो, गूळ दोन किलो, खजूर अर्धा किलो आणि मधाची एक बाटली.