खेपेवरचे सर

गोव्यातल्या आमच्या आमोण्याच्या माणसाला खेपेचं गणित शिकवावं लागत नाही. खाणी जोरात चालू होत्या तेव्हा ट्रक खेपेवर पळायचा. जितक्या खेपा तितके पैसे, आणि पावसाळ्यात चुलीला सुट्टी. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ साली पुन्हा पडल्या. आम्हाला वाटलं, खेपेचा जमाना गेला. गेला कसला, कॉलेजात शिरला!

आमच्या वाड्यावर एक सर आहेत. एम.ए., नेट, वर पीएच.डी. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, कोकणी येत असल्याचा पुरावा, सगळं एका फायलीत. दर वर्षी तीच फाईल, तीच वॉक-इन मुलाखत आणि तीच नोकरी : लेक्चर बेसिस, म्हणजे जितके तास तितके पैसे. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं, मधल्या वेळात स्कूटर. कॉलेजांची नावं लिहीत नाही; जूनमध्ये सरांना पुन्हा तिथंच मुलाखतीला बसायचंय.

घरी आई विचारते, "ह्या महिन्यात किती तास पडले रे?" तास पडतात, आंब्यासारखे, वारा सुटला तर. परीक्षा लागली, तास नाही. गॅदरिंग आलं, तास नाही. चवथीची सुट्टी, तास नाही, आणि गणपतीवर बांधायच्या माटोळीचा बाजार नेमका तेव्हाच करायचा असतो. पेपर तपासणं, रडवेल्या मुलीची फीची अडचण ऐकून घेणं, हे सगळं समाजकार्यात जमा.

वर्गात नव्वद पोरं. हजेरी घेता घेताच दहा मिनिटं सरायची, म्हणून सरांनी सहीचा कागद फिरवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी कागद परत आला तो पंच्याण्णव सह्या घेऊन. खनिजाच्या ट्रकाला निदान वजनकाटा होता. जास्त भरला तर दंड, वर ताडपत्री सक्तीची. वर्गाला काटा नाही. मागच्या बाकावरचा माल सांडला तरी कोणाला पत्ता लागत नाही.

सरांसारख्यांच्या नेमणुकीला नियम नाहीत असं समजू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय : कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त नकोत, आणि त्यांना कायम सहायक प्राध्यापकापेक्षा कमी पगार नको. जानेवारी २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दरही आला. हे दहा टक्के फारच नडत असावेत, कारण जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात ती मर्यादाच दिसेना. काटाच उखडला की ओव्हरलोडचा प्रश्न मिटतो. हे आमच्या खाणमालकांना कसं सुचलं नाही, देव जाणे.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाबतीत सुनावलं, की समारंभात गुरुवंदनेचा श्लोक म्हणून भागत नाही. ते प्राध्यापक ३०,००० रुपयांवर राबत होते. मग सप्टेंबरात शिक्षकदिन आला. सरांच्या कॉलेजात श्लोक झालाच. पोरांकडून तो बसवून घ्यायचं काम सरांकडे होतं. आठ दिवस तालीम. तासांत धरली नाही.

आमोण्यात बेताळाचं देऊळ आहे. बेताळ रात्री गावची सीमा फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवा जोड वाहायची गोव्यात जुनी रीत. बेताळाची नेमणूक कायम, मुलाखत नाही, फाईल नाही, तरी लोक त्याच्या पायांची झीज लक्षात ठेवतात. सर रोज दोन तालुके फिरतात.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांनो, पुढच्या शिक्षकदिनाला शाल-श्रीफळ आणू नका. सरांच्या कपाटात चार शाली पडून आहेत, आणि गोव्याच्या उकाड्यात शाल पांघरणार कोण? चांगल्या चामड्याच्या वहाणा आणा. माप आठ नंबर.